घासणाऱ्या लोखंडाची झीज : पाते, दोरी आणि रेती

(मालवण तालुक्यातील एका शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा विषय कृषिविद्या. म्हणजे मशागत, बियाणे, खत, पाणी आणि तण. लोखंड हा आमच्या शेजारच्या कृषि अभियांत्रिकी विभागाचा विषय, आणि आज मी त्यांच्या कुंपणात शिरतो आहे याची मला जाणीव आहे. पण गेल्या काही पावसाळ्यांत चिखलणीच्या वेळी बांधावर उभे राहून जे पाहिले, त्यामुळे हे धाडस करावे लागत आहे.

दोन वेळा पॉवर टिलर फिरवूनही खाचरात पाणी ठरत नाही, रोप लावताना बोटे आत जात नाहीत, अशी तक्रार घेऊन शेतकरी येतो आणि खत कोणते देऊ असे विचारतो. अशा वेळी मी आधी टिलरखाली वाकून पाती पाहतो. बऱ्याचदा पात्याचा वाकलेला, कापणारा भाग निम्माच उरलेला असतो. असे पाते माती कापत नाही, वरच्यावर चोळते. आपली जांभ्याची जमीन मुळात निचऱ्याची. तिने पाणी धरावे म्हणून तर आपण चिखलणी करतो, आणि ती सगळीकडे सारख्या खोलीची झाली नाही तर पाणी खाली उतरते, पाण्याबरोबर नत्रही उतरते. वर पुन्हा डिझेल जाते ते वेगळेच. म्हणजे प्रश्न खताचा वाटत होता, पण तो होता लोखंडाचा.

येताना मी चार वस्तू आणल्या आहेत. टिलरचे एक झिजलेले पाते, खिडकीच्या काचेचा तुकडा, एक साधा खिळा आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावरची मूठभर रेती. हा खिळा मी काचेवर जोर लावून ओढतो. पाहा, तो घसरतो. काचेवर ओरखडा म्हणावा असा उठत नाही. आता काचेवर चिमूटभर रेती टाकतो आणि लाकडाच्या ठोकळ्याने दाबून फिरवतो. आवाज पुढच्या रांगेपर्यंत आला असेल. काच पुसून उजेडात धरली की ओरखड्यांचे जाळे दिसते. हाच प्रयोग पात्यावर केला, तर पात्यावरही चकचकीत रेघा उठतात. म्हणजे खिळ्याला जे जमले नाही ते रेतीने केले. मात्र या रेतीतील सगळे दाणे सारखे नाहीत. त्यात शिंपल्यांचा चुराही आहे, तो मऊ असतो. काम करतात ते काचेसारखे चमकणारे दाणे, म्हणजे गारगोटीचे, ज्याला शास्त्रात क्वार्ट्‌झ म्हणतात.

जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो अधिक कठीण, ही साधी कसोटी घेऊन फ्रेडरिक मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली दहा पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीवर शंखजिरे, दुसरीवर जिप्सम, दहावीवर हिरा. आपले नख अडीचच्या आसपास येते. साधे लोखंड चार ते साडेचार, काच साडेपाच आणि गारगोटी सात. या पायऱ्या म्हणजे केवळ क्रम आहे, मोजमाप नव्हे. मोजमापासाठी कठीण टोक ठरावीक वजनाने धातूत दाबतात आणि पडलेला खळगा मोजतात. १९०० साली स्वीडनच्या ब्रिनेल यांनी पोलादी गोळीने ही रीत सुरू केली; पुढे हिऱ्याचे टोक वापरणारी विकर्सची रीत आली. तिचे आकडे ढोबळमानाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. साधे लोखंड, ज्याला कारखान्यात एम.एस. म्हणतात, त्याचा आकडा १२० ते १५०. पाणी पाजलेल्या चांगल्या पात्याचा ४०० ते ५५०. कानशीचा ८०० च्या आसपास. आणि या गारगोटीच्या दाण्याचा १००० ते ११००.

म्हणजे दुकानात मिळणारे कोणतेही साधे पाते रेतीपेक्षा मऊच आहे. "हे पाते झिजतच नाही" असे कोणी सांगितले तर ऐकून घ्यावे आणि पुढे जावे.

झीज कशावर ठरते?

१९५३ साली आर्चर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने घासणाऱ्या पृष्ठभागांच्या झिजेचा एक सोपा हिशेब मांडला. झीज दाबाच्या प्रमाणात वाढते, घासण्याच्या अंतराच्या प्रमाणात वाढते, आणि झिजणाऱ्या वस्तूच्या कठीणपणाच्या प्रमाणात कमी होते. कठीणपणा दुप्पट तर झीज निम्मी. त्याखेरीज या हिशेबात एक गुणक आहे, तो परिस्थितीप्रमाणे बदलतो : मध्ये वंगण आहे की नाही, कचरा आहे की नाही. त्या गुणकाकडे नंतर येऊ, कारण खरा पैसा तिथेच वाचतो.

आधी अंतर पाहू. आपण म्हणतो टिलर दिवसभर चालला. पण पाते किती चालले? समजा पात्यांच्या फेऱ्याचा व्यास ४८ सेंटिमीटर आहे. एका फेरीत टोक सुमारे दीड मीटर फिरते. मिनिटाला २०० फेरे धरले तर ३०० मीटर, म्हणजे तासाला १८ किलोमीटर. त्यातील चौथा हिस्साच मातीत गेला असे धरले तरी तासाला साडेचार किलोमीटर झाले. आठ तासांत ३६ किलोमीटर. मालवणहून निघून कुडाळ ओलांडून पुढे जाल इतका वेळ ते पाते रेतीत घासत असते! जुना लाकडी नांगर धरून बैलांमागे चालणारा माणूस दिवसात इतका चालत नसे. म्हणूनच आजोबांचा फाळ हंगामभर पुरायचा आणि आपली पाती पुरत नाहीत. त्यात आजच्या लोखंडाचा दोष थोडा आणि वेगाचा दोष जास्त आहे.

आता कठीणपणा. आर्चर्डचा हिशेब मातीतील घासणीला जसाच्या तसा लागत नाही, कारण दाणा आणि धातू यांच्या कठीणपणातील अंतरही पाहावे लागते. दाणा धातूपेक्षा फारच कठीण असेल तर धातू थोडा कठीण करून थोडाच लाभ होतो. धातूचा आकडा दाण्याच्या आकड्याच्या आठ दशांशांजवळ पोहोचला की मग मात्र झीज झपाट्याने उतरते. जांभ्याच्या मातीतील लोहाची खनिजे मोसच्या पायरीवर पाच ते साडेसहा येतात, चिकणमातीचे केओलिन तर दोन-अडीचच्याच जवळ. त्यामुळे गारगोटीचे खडे नसलेल्या जांभ्याच्या खाचरात कठीण पात्यासाठी दिलेले जादा पैसे वसूल होण्याची शक्यता अधिक. देवबाग-तारकर्लीसारख्या रेताड पट्ट्यात ते तितके वसूल होणार नाहीत. तिथे जाड पाते घेणे बरे. आणि ज्यांच्या जमिनीत पांढऱ्या गारा दिसतात त्यांनी स्वतःला जांभ्याच्या नव्हे, रेतीच्या रांगेत धरावे.

आणखी एक गोष्ट. घट्ट धरलेला दाणा कापतो, सुटा दाणा लोळतो. पऱ्हाशीवर चिकटवलेला दाणा आणि जमिनीवर पडलेला दाणा यांत जो फरक, तोच सुक्या टणक जमिनीत आणि मऊ चिखलात. भात काढल्यावर जमीन आवळून कोरडी पडली आणि मग कुळीथ-चवळीसाठी टिलर घातला, तर पाती चिखलणीपेक्षा वेगाने खाल्ली जातात. वाफसा असतानाच नांगरट करा, हे आम्ही ओलाव्यासाठी सांगत आलो. ते पात्यांसाठीही तितकेच खरे आहे.

जाता जाता विळ्याबद्दल. भाताची काडी बोटाने चिरडते, तरी विळा बोथट का होतो? भाताच्या काडीत आणि तुसात सिलिका असते. तूस जाळले तर सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेतील बहुतेक भाग सिलिकाच असतो. शिवाय वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी करावी अशी विद्यापीठाची शिफारस आहे, ती खोडकिड्यासाठी योग्यच आहे. पण जमिनीलगतच्या काडीला सुकलेला चिखल चिकटलेला असतो, त्यात रेती असतेच. दात लवकर झिजले म्हणून विळ्याला नावे ठेवू नयेत.

मऊ वस्तू कठीण वस्तूला कशी कापते?

इथपर्यंत सगळे सरळ आहे : कठीण जिंकते, मऊ हरते. पण आता तुमच्या विहिरीवर चला.

पाण्याच्या पंपाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, पोलादाचा असतो. तो जिथून बाहेर येतो तिथे पाणी गळू नये म्हणून ग्लँडमध्ये चरबी लावलेली दोरी बसवतात. दोरी बोटाने दाबली तर दबते. असे असता दोन-तीन वर्षांनी पंप उघडला की दोरी जागेवर असते आणि पोलादी दांड्यावर मात्र बोटाने लागेल अशी खाच पडलेली असते. दोरीने पोलाद कसे कापले?

उत्तर आपल्याच घरात आहे. कोयत्याला धार लावण्यासाठी लाकडी फळीवर बारीक रेती टाकून त्यावर पाते घासणारी माणसे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लाकूड पोलादापेक्षा कितीतरी मऊ. पण मऊ असल्यामुळेच रेतीचा दाणा त्यात रुततो, घट्ट बसतो आणि त्याचे वरचे टोक कोयत्याला कापत राहते. कोयता झिजतो, फळी बरीचशी तशीच राहते. ग्लँडमध्ये हेच घडते. विहिरीतील रेती पाण्याबरोबर आली, दोरीत रुतली, आणि दोरीची पऱ्हास झाली. टिलरच्या ऑइल सीलचा रबरी ओठ कठीण शाफ्टवर रेघ पाडतो तोही याच वाटेने.

याचा अर्थ मऊ वस्तू वापरू नये असा नाही. उलट जिथे दोन भाग कायम एकमेकांवर घासणार आहेत तिथे एक कठीण आणि एक मऊ ठेवतात. कठीण ठेवायचा तो महाग आणि बदलायला अवघड भाग, म्हणजे दांडा; मऊ ठेवायचा तो स्वस्त बुश. झिजला तर बुश झिजावा. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली बेअरिंगसाठी एक मऊ पांढरा धातू शोधला. त्यात चुकून एखादा बारीक कण शिरला तर तो पूर्ण आत बुडून जातो आणि दांडा वाचतो. पण हे एखाद्या कणापुरते. मूठभर रेती आली तर कण बुडायला जागाच उरत नाही, टोके वर राहतात आणि बुश दांड्यावर उलटतो.

म्हणून आता तो गुणक. कोरडा धातू कोरड्या धातूवर घासला आणि तोच स्वच्छ वंगणावर फिरला, तर झिजेत हजार पटीहूनही अधिक फरक पडू शकतो. कठीणपणा दुप्पट करून आपण झीज निम्मी करतो, आणि तेही पैसे मोजून. स्वच्छ तेल-ग्रीस आणि रेतीला बंद दार, यांनी जे साधते त्यापुढे दुप्पट कठीण पोलाद काहीच नाही. माझे स्पष्ट मत असे की आपल्याकडे शेतकरी कठीण सुट्या भागांवर जरुरीपेक्षा जास्त आणि तीस-चाळीस रुपयांच्या सीलवर जरुरीपेक्षा कमी खर्च करतो.

पंपाच्या बाबतीत पाहा. किनाऱ्याच्या रेताड विहिरीत एप्रिल-मे महिन्यांत पाणी खाली गेले की फूटव्हॉल्व्ह तळाला टेकतो आणि रेती ओढतो. तो तळापासून वर टांगून ठेवावा, आणि पाणी इतके कमी झाले की टांगता येत नाही, तर पंप थोडा थोडा वेळ चालवून विहीर भरू द्यावी. माडांना दोन दिवस उशिरा पाणी मिळाले तर चालेल. दांडा गेला तर ऐन मे महिन्यात आठवडाभर मिळणार नाही. दुसरे, ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे. ते थेंब दोरीला थंड ठेवतात आणि वंगणाचे काम करतात. गळते म्हणून नट आवळत नेला की दाब वाढतो, दाबाबरोबर झीज वाढते, दोरी कोरडी होऊन जळते. धार लागली तर आवळा, थेंबाला हात लावू नका. खाच पडलेल्या दांड्यावर नवी दोरी भरून काही उपयोग नसतो. ज्या पंपात दांड्यावर वेगळी नळी, म्हणजे स्लीव्ह, असते तिथे ती बदलावी. नवा पंप घेताना ती आहे का हे विचारून घ्यावे.

खाऱ्या हवेचा मार वेगळा सांगायला नको. गंज स्वतः भुसभुशीत. तो घासून जातो, खालचे नवे लोखंड उघडे पडते, त्याला पुन्हा गंज चढतो. गंज आणि घासणी एकत्र आली की दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त नुकसान करतात. काम संपल्यावर पाती धुऊन, सुकवून त्यांना जुन्या तेलाचा हात फिरवणे याला दहा मिनिटे लागतात.

पाणी, चिवटपणा आणि लोहार

पाणीदार हा शब्द आपण माणसाला लावतो, पण तो आला लोहाराच्या भात्याजवळून. पोलाद लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कठीण होते, पण त्यासाठी त्यात पुरेसा कार्बन हवा. बांधकामाच्या साध्या गजाला किंवा पट्टीला कितीही पाणी पाजा, ती मऊच राहील. ट्रकच्या पाट्याचे पोलाद पाणी घेते, म्हणून गावचा लोहार कोयत्यासाठी पाटा मागतो. तो हट्ट नव्हे, ते शास्त्र आहे.

परंतु नुसते पाणी पाजलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून थोडे उतरवतात. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर रंग चढताना दिसतात : सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबले तर कठीण जास्त, निळ्यावर थांबले तर चिवट जास्त. दोन्ही एकदम हवे म्हणून मिळत नाही.

हे मी पुस्तकात वाचले होते, तरी एकदा चुकलोच. एका शेतकऱ्याला मी सर्वांत कठीण पाती घे असा सल्ला दिला. त्याचे खाचर कातळाच्या कडेला, बांधातून निखळलेले चिरे चिखलात बुडालेले. दुसऱ्याच दिवशी दोन पाती मधोमध मोडली. त्याची जुनी पाती झिजत होती, पण मोडत नव्हती. त्याने मला काही बोलून दाखवले नाही; मोडलेले तुकडे मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेला. तेव्हापासून मी आधी जमिनीत दगड किती आहेत हे विचारतो, मग पात्याचे बोलतो.

दुकानात पाते तपासायला विकर्सचे यंत्र नसते, पण कानस असते. पात्याच्या कापणाऱ्या कडेवर बारीक कानस एकदा फिरवून पाहा. ती सहज चावली आणि कीस पडला तर पाते मऊ आहे, परत ठेवा. चावते पण जोर लागतो, असे असेल तर ठीक. अजिबात न चावता काचेवरून घसरल्यासारखी गेली तर पाते कठीण आहे खरे, पण दगडांच्या शेतात मोडेल. पात्याचा बोल्टाकडील भाग मात्र कडेपेक्षा मऊ असणेच चांगले.

झिजलेल्या पात्यावर वेल्डिंग करून भर घालण्याची पद्धत वाढली आहे. साध्या रॉडने घातलेली भर मऊ असते, आणि तिच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे पाणी उतरते. म्हणजे चार दिवसांत भर जाते आणि त्यामागोमाग पातेही लवकर जाते. हार्डफेसिंगचे रॉड वेगळे असतात. त्यांच्या भरीत क्रोमियमचे कार्बाइड असते, आणि त्याचे कण गारगोटीपेक्षाही कठीण असतात. ही भर पात्याच्या एकाच अंगाला घालावी. उंदराचे दात आठवा. पुढच्या अंगाला कठीण आवरण, मागे मऊ दात. मागचे आधी झिजते, म्हणून पुढची धार आपोआप टिकते. माडावरची शहाळी पोखरणाऱ्या त्या चोराकडून एवढे तरी शिकून घ्यावे. मात्र ही भर ठिसूळ असते, दगडावर तिचे तुकडे उडतात. तेव्हा पुन्हा पहिला प्रश्न : शेतात दगड किती?

पाती कधी बदलावीत, असे बसताना एका भावांनी विचारले होते. नवे पाते आणले की ते खळ्यातल्या दरवाजावर धरून कोळशाने त्याची आकृती काढून ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक पाते उतरवून त्या आकृतीवर धरा. कापणाऱ्या भागाची रुंदी निम्म्यावर आली असेल तर पुढच्या चिखलणीची वाट न पाहता बदला. सगळी बदलायला पैसे नसतील तर समोरासमोरची जोडीने बदला, म्हणजे फिरताना तोल जाणार नाही. त्याच वेळी रोटरीच्या पेटीतील तेल काचेच्या बाटलीत थोडे काढून पाहा. ते दुधाळ दिसले तर सीलमधून चिखलाचे पाणी आत शिरते आहे. ते आजच्या आज थांबवा, कारण आतले गिअर पात्यांच्या किमतीत येत नाहीत. उतरवलेली जुनी पाती भंगारात देण्याआधी लोहाराला दाखवा. ते पाणी घेणारे पोलाद आहे, दोन पात्यांत एक चांगले खुरपे होते.